हँडलची ऊब

आखातात हात शेकायला यंत्र लागतं, हे पुण्यात कुणालाच पटत नाही. शेजाऱ्याच्या क्वाडच्या हँडलला गरम होणाऱ्या ग्रिप बसवतोय असं मी माझ्या मेहुण्याला फोनवर सांगितलं, तर तो इतका हसला की मी फोन ठेवून दिला. जानेवारीत पहाटे वाळवंटात येऊन दाखव म्हणावं. रात्रभरात वाळू गार पडलेली असते, वारा कपड्यातून आत शिरतो आणि क्वाडवर, म्हणजे चार जाड टायरांच्या त्या वाळूत पळणाऱ्या मोटारसायकलवर, पुढे काच नाही की आडोसा नाही. त्यात क्वाडची रेस अंगठ्याने दाबून धरायची असते. दहा मिनिटांत तो अंगठा आपला वाटेनासा होतो.

माझ्या शेजाऱ्याला तर ही थंडी मुळातच सोसत नसे. खलिफा सिटीत एका मोठ्या व्हिलाचे भाग करून आम्ही चार कुटुंबं राहतो. खालचा मागचा भाग त्याचा. रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठचा हा माणूस, पन्नाशी ओलांडलेला, मुसफ्फात एका फॅब्रिकेशन वर्कशॉपचा इनचार्ज. मुलं गावाकडे कॉलेजात, इथे तो आणि भाभी दोघंच. मी त्याला भाई म्हणायचो, तो मला इंजिनिअर. त्याच्या बोटांत रक्त नीट पोचत नसे. थंडी लागली की बोटं खडूसारखी पांढरी पडायची, बधिर व्हायची आणि पुन्हा गरम झाली की ठणकायची. ऑफिसच्या एसीतही तो हात काखेत दाबून बसे. डॉक्टरांनी थंडीत जाऊ नका म्हणून सांगितलं. त्याने मान डोलावली आणि पुढच्याच महिन्यात सेकंडहँड क्वाड विकत घेतली.

दर शनिवारी पहाटेची, फजरची नमाज झाली की तो पिकअपला ट्रेलर जोडायचा, क्वाड वर चढवायचा आणि अल ऐनच्या रस्त्याला लागायचा. बहुतेक वेळा मीही बरोबर असे. चालवायला नव्हे. मला त्या इंजिनाचा आवाज सहन होत नाही. मी थर्मास घेऊन पिकअपमध्ये बसायचो. तो वाळूच्या दोन-चार टेकड्या पालथ्या घालून एका उंच कडेवर थांबायचा, इंजिन बंद करायचा, किल्ली जॅकेटच्या खिशात टाकायचा आणि ऊन चांगलं वर येईपर्यंत नुसता बसून राहायचा. आठवडाभर लोखंड कापण्याचा आवाज ऐकतो, हा आवाज नसलेला अर्धा तास माझा, असं म्हणायचा.

ग्रिप मीच सुचवल्या. ऑनलाइन मागवल्या. अडीचशे दिरहम, म्हणजे सहा हजार रुपये, नुसते हात शेकायला, असं तो मोठ्याने म्हणाला आणि लगेच खोकं फोडायला घेतलं. बसवायला वर्कशॉपमध्ये नेऊ म्हणाला. मी म्हणालो, वीस वर्षं इमारतींचं वायरिंग बघतोय, दोन वायरींसाठी वर्कशॉप कशाला? हा माझा जुना रोग आहे. दुसऱ्याने केलेलं काम मला पसंत पडत नाही आणि स्वतः केलेल्या कामातली खोट मला दिसत नाही.

शुक्रवारी सकाळी कंपाउंडमध्येच पसारा मांडला. जुन्या ग्रिप कापून काढल्या, नव्या चढवल्या, हँडलवर डावीकडे छोटा स्विच बसवला. आता वीज घ्यायची ती किल्लीच्या पुढून, म्हणजे किल्ली काढली की ग्रिपही आपोआप बंद. त्यासाठी आगपेटीएवढा एक रिले लागतो. तो खोक्यात नव्हता. दुकानं जुम्याच्या नमाजासाठी बंद होऊ लागली होती आणि त्यालाही मशिदीत पोचायचं होतं. मी म्हणालो, तूर्त डायरेक्ट करून टाकू. डायरेक्ट हा आपल्या लोकांचा मंत्र आहे. पंपाचा स्टार्टर गेला, डायरेक्ट करा. पंख्याचा रेग्युलेटर जळला, डायरेक्ट करा. मी बॅटरीवरून सरळ वायर ओढली, मध्ये फ्यूज टाकला, टेप गुंडाळली. किल्ली असो नसो, स्विच चालू असेपर्यंत ग्रिप गरम राहणार. उतरताना स्विच आठवणीने बंद करत जा, पुढच्या आठवड्यात रिले टाकतो, असं त्याला बजावलं.

त्याने दोन्ही मुठी आवळल्या आणि डोळे मिटले. "इंजिनिअर, जन्नत आहे रे," म्हणाला. मशिदीत जायला उशीर होत होता तरी हात काढेना.

रिले मी चार दिवसांनी आणला. तो माझ्या गाडीच्या कप्प्यात पडून राहिला. मध्ये एकदा क्वाडची बॅटरी उतरलेली सापडली, स्विच बंद करायचा राहिला होता. तेव्हा मी त्यालाच झापलं. साध्या माणसाला एक बटन बंद करता येत नाही का, असं म्हणालो. तो मान खाली घालून हसला. खोट माझ्या वायरीत होती आणि बोलणी त्याने खाल्ली. हे आठवलं की आजही माझी कानशिलं तापतात. वर तो म्हणाला की तुझी ही डायरेक्टची चूक मोठी कामाची आहे, इंजिन बंद करून कडेवर बसलं तरी हात शेकता येतात, आता दुरुस्त करू नकोस. मला तेच हवं होतं. मी ते त्याच्यावर ढकललं आणि विषय बंद केला.

त्या शनिवारी मी गेलो नाही. कारण काही नव्हतं. थंडी होती, रजई होती. तो दार वाजवत नसे, फोनची फक्त एक रिंग द्यायचा. रिंग वाजली. मी स्क्रीनवरचं नाव बघितलं आणि कुशीवर वळलो. साडेनऊला त्याच्याच फोनवरून पोलीस बोलले, कारण त्याने शेवटचा लावलेला नंबर माझा होता.

हॉस्पिटलने हार्टचं कारण दिलं. कडेवर बसल्या बसल्याच गेला. किल्ली जॅकेटच्या खिशात होती, म्हणजे नेहमीसारखं इंजिन बंद करून तो बसला होता. दुसऱ्या दिवशी दफन झालं. भाभीचा भाऊ शारजाहून आला होता, त्याच्याबरोबर मीही मूठभर माती टाकली. तोपर्यंत मला फक्त दुःख होतं. दुःख स्वच्छ असतं हे मला नंतर कळलं.

तिसऱ्या दिवशी एक पाकिस्तानी माणूस समाचाराला आला. वाळवंटातल्या उंटांच्या गोठ्यावर काम करणारा, वयाने भाईएवढाच. त्यानेच भाईला सगळ्यात आधी पाहिलं होतं आणि पोलिसांना त्यानेच कळवलं होतं. आम्ही पुरुष हॉलमध्ये बसलो होतो. भाभी इद्दतीत होती. नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस बाईने घराबाहेर पडायचं नाही, परक्या पुरुषासमोर यायचं नाही. त्यामुळे ती आतल्या खोलीत, अर्ध्या लोटलेल्या दाराआड होती. माझी बायको तिच्याजवळ बसली होती.

तो माणूस चांगल्या मनाने आला होता. जाणाऱ्याला त्रास झाला नाही, हे सांगून घरच्यांना धीर द्यावा एवढंच त्याच्या मनात होतं. चारा घेऊन जाताना त्याने भाईला पाहिलं. हँडलवर छाती टेकून, दोन्ही मुठी ग्रिपवर ठेवून बसलेला. याने सलाम केला, उत्तर आलं नाही. जवळ जाऊन हाताला हात लावला.

"हाथ गरम था, भाई," तो म्हणाला. "मैंने सोचा, धूप में आँख लग गई है। मैं आगे निकल गया।"

आतून भाभीचा आवाज आला. तीन दिवसांत मी तो पहिल्यांदा ऐकत होतो. परत कधी आला, असं तिने विचारलं. भावाने ते हिंदीत सांगितलं. साधारण एका तासाने, तो म्हणाला. तेव्हाही भाई तसाच होता. मग याने खांदा हलवला, चेहऱ्याला हात लावला, तर चेहरा गार होता.

मग भाऊ उठून उभा राहिला. हात गरम होता म्हणजे माणूस जिवंत होता, तू त्याला तसाच टाकून गेलास, असं तो म्हणाला. आधी हळू, मग मोठ्याने. पोलिसात तक्रार देईन, तुझ्या मालकाला फोन करीन, तुझा व्हिसा उद्या खलास होईल. त्या माणसाच्या हातात चहाचा कागदी कप होता. तो त्याने रिकामा झाल्यावरही खाली ठेवला नाही. जाताना तो मला म्हणाला की साहब, आप समझाइए. मी माझा नंबर दिला, पण बोललो काहीच नाही.

खरं तर हात गरम हे शब्द ऐकले तेव्हाच मला तो स्विच आठवला होता. पण मी स्वतःला समजावलं. त्याने स्विच बंद केला असेल. हात खरंच जिवंत माणसाचे म्हणून गरम असतील. ऊन असेल. वीस वर्षं वायरिंग करणारा मी, त्या आठवड्यात उन्हाने हात तापतात असं मानायला तयार झालो.

आठवड्याने गाड्या वाहून आणणाऱ्या रिकव्हरीवाल्याने पोलिसांच्या यार्डातून क्वाड आणून आमच्या कंपाउंडमध्ये, पाण्याच्या टाकीशेजारी उतरवली. बॅटरी पूर्ण उतरलेली होती. मी ती संध्याकाळी चार्जरला लावली. का लावली, सांगता येणार नाही. उतरलेली बॅटरी दिसली की मी चार्जरला लावतो. स्विचकडे मात्र बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही, हे आता कबूल करतो.

सकाळी माझी मुलगी स्कूलबससाठी बाहेर पडली आणि दारातूनच परत आली.

"बाबा, अंकल्स बाइक इज वॉर्म," ती म्हणाली. "लाइक ही जस्ट गॉट ऑफ."

मी बाहेर गेलो. कंपाउंडमध्ये धुकं होतं, सीटवर दव साचलं होतं, पेट्रोलच्या टाकीचा पत्रा हाताला चटका बसावा इतका गार होता. आणि दोन्ही ग्रिप गरम होत्या. आत्ता कुणी हात काढून बाजूला झालंय आणि पाठीमागे उभं आहे, असं वाटायला लावणारी ती ऊब. मी मागे वळून बघितलं. कुणी नव्हतं. स्विच चालू होता. त्याने तो बंद केलाच नव्हता. बॅटरी संपेपर्यंत, तो गेल्यानंतरही कितीतरी वेळ, माझी वायर त्याचे हात तापवत राहिली होती.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले हे सांगायची लाज वाटते. मी स्विच बंद केला आणि गप्प बसलो. ऑफिसात गेलो, मीटिंगा केल्या, ईमेलना उत्तरं दिली. दुपारी पार्किंगमध्ये गाडीचं स्टिअरिंग उन्हाने तापलेलं असायचं, ते धरलं की मी हात मागे घ्यायचो. बायकोने चहाचा कप हातात दिला की तो मी आधी टेबलावर ठेवायचो. शनिवारी पहाटे फोन एकदा वाजल्यासारखा वाटून मी उठून बसलो. स्क्रीनवर काही नव्हतं. आता दुसरा हिवाळा आलाय, तरी ती एक रिंग अजून वाजते.

डोक्यात एकच हिशेब चालायचा. हात गार असता तर त्या माणसाने लगेच हलवून बघितलं असतं. लगेच फोन केला असता. अॅम्ब्युलन्स एक तास आधी पोचली असती. त्या तासात भाई जिवंत होता का? अल रीमला राहणाऱ्या ओळखीच्या एका डॉक्टरला मी दुसऱ्याच कुणाची गोष्ट म्हणून हे विचारलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला की हे कुणीच सांगू शकत नाही. कदाचित क्षणात गेला असेल, कदाचित नसेल. मला वाटलं होतं तो काहीतरी एक सांगेल आणि मी सुटेन. तो फक्त कदाचित म्हणाला आणि मी कायमचा अडकलो.

मग त्या गोठ्यावरच्या माणसाचा फोन आला. भावाने त्याच्या मालकाला फोन केला होता. मालक म्हणाला होता की पोलिसात तक्रार झाली तर तुला ठेवणार नाही, गावी जायचं. तक्रार दुसऱ्या दिवशी होणार होती. तो रडत नव्हता, आरडाओरडा करत नव्हता. त्याने मला फक्त विचारलं की खरं सांगितलं ही माझी चूक झाली का? हात गार होता असं खोटं सांगितलं असतं, तर कुणी काही बोललं नसतं ना?

फोन ठेवला आणि मी बायकोला सगळं सांगितलं. रिले, डायरेक्ट, गाडीचा कप्पा, सगळं. ती मला बोलेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "सकाळी सांगायचं. भाभीचा भाऊ तक्रारीला निघायच्या आधी."

सकाळी सातला मी भावाला कंपाउंडमध्ये बोलावलं. स्विच मी अर्धा तास आधीच चालू करून ठेवला होता. क्वाडची किल्ली त्याच्या हातात दिली, म्हणालो, ही खिशात टाक. त्याने टाकली. मग म्हणालो, आता ग्रिपला हात लाव. त्याने लावला आणि झटक्यात काढून घेतला. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी ओळखलं. मी उगाच मोठ्या आवाजात, कामगारांना शिकवतात तसं सगळं समजावायला लागलो. बॅटरी, वायर, स्विच. मग मला तो आवाज स्वतःलाच ऐकवेना.

"हात गरम होता याला काही अर्थ नव्हता," मी म्हणालो. "तो माणूस फसला तो माझ्या वायरीमुळे. तक्रार द्यायची तर माझ्यावर दे."

त्याने माझ्यावर हात उचलला असता तरी मला चाललं असतं. त्याने खिशातली किल्ली काढून मला परत दिली. मग त्या माणसाला मीच फोन करतो, एवढंच म्हणाला आणि फोन काढला. तक्रारीचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही. मला मात्र त्याने त्यानंतर आजवर कधी हाक मारलेली नाही.

भाभीने खिडकीआडून सगळं ऐकलं होतं. माझ्या बायकोने येऊन सांगितलं की तिला बाहेर यायचं आहे. अंगण घराचंच आहे, तेवढं चालेल असं भावाने सांगितलं. मी टाकीच्या पलीकडे जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. पाठीमागे चपलांचा आवाज आला, मग तो थांबला.

तिला भाईचा चेहरा कफनातला तेवढाच दिसला होता. हात गुंडाळलेले होते. कबरीवर जायला तिला अजून साडेतीन महिने होते. हे मला बायकोने नंतर सांगितलं. तेव्हा मी फक्त भिंतीवरचं पाण्याचं मीटर बघत होतो आणि मागे काय चाललंय ते कानांनी समजून घेत होतो. दोन्ही हात ग्रिपवर होते, हेही बायकोनेच सांगितलं.

मग तिने विचारलं, "ह्याचं बटन खयं असतं?"

"डावीकडे," मी मान न वळवता म्हणालो. "खाली दाबायचं."

बटनाचा बारीक आवाज आला. आता ती हात काढेल आणि आत जाईल असं मला वाटलं. तिने काढले नाहीत. त्या थंडीत ग्रिप गार व्हायला सात-आठ मिनिटं लागतात, मला ते पक्कं माहीत आहे. ती सगळी मिनिटं ती तिथे उभी होती, हात तसेच ठेवून. भाऊ उभा होता, माझी बायको उभी होती. मला पाय हलवायची हिंमत झाली नाही.

मग ती माझ्या बायकोला म्हणाली, "आता गेले ते. चला ताई, आत."